बबनकाकांचे चौदा बंब

बबनकाकांच्या घरात भोंगा वाजत होता आणि बबनकाका त्याला टॉवेलनं वारा घालत होते.

जानेवारीतला शनिवार होता, दुपारचा सव्वा वाजला होता. साउथहॅम्प्टनला बंदराकडून वारा सुटला की पाऊस सरळ पडत नाही, आडवा मारतो. तसा मारत होता. चौदावा बंब न्यायला मी गाडी घेऊन आले होते. दार नुसतं लोटलेलं. आत पॅसेजमध्ये एकाहत्तर वर्षांचा हा माणूस एका हातानं भिंत धरून दुसऱ्या हातानं टॉवेल फिरवत उभा.

"काका, काय चाललंय?"

"अगं, फोडणी घातली की बोंबलतो ना, तसा बोंबलतोय. स्टूल आण, बॅटरीच काढून टाकू त्याची."

"फोडणी कशाची घातलीत?"

काका थांबले. जरा विचार करून म्हणाले, "फोडणी नाही घातली. सकाळपासून काही खाल्लंच नाही. पित्त खवळलंय, दोनदा उलटी झाली. डोकं असं ठणकतंय ना, धम्मा..."

फोडणीला बोंबलतो तो भोंगा स्वयंपाकघराच्या छताला असतो. इथल्या निम्म्या मराठी घरांत त्याची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेली असते. माझ्याही. पण आता वाजत होता तो दुसरा, बॉयलरशेजारच्या फळीवरचा पांढरा डबा, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखणारा. पॅसेजच्या टोकाला गराजचं दार उघडं होतं, गराजचं शटर खाली ओढलेलं होतं आणि आत चौदावा बंब शांतपणे पेटलेला होता. धूर नावालाही नव्हता. नुसते लालभडक, सुरेख निखारे.

मी नर्स आहे. श्वसनाच्या वॉर्डात वीस वर्षं काढलीत. पुस्तकात लिहितात, या वायूनं माणसाचा चेहरा लाल होतो. आपल्या रंगावर कसलं लाल दिसतंय! मला दिसलं ते एवढंच, की बबनकाकांना स्वतःच्या चपला पायात घालता येत नव्हत्या. मी त्यांना काखेत धरून पावसात ओढत आणलं, घरासमोरच्या ड्राइव्हच्या कठड्यावर बसवलं, श्वास रोखून आत जाऊन शटर वर केलं, ॲम्ब्युलन्ससाठी नऊ-नऊ-नऊला फोन लावला. आणि मग तोंडाला येईल ते बोलले. शटर लावून पेटवतात का, अक्कल गहाण ठेवलीत का, मेला असतात तर तुमच्या पोराला ग्लासगोला फोन कोणी करायचा, मीच ना?

"शेजारीण म्हणाली, धूर येतो. पाऊसपण होता. म्हणून आत घेतला," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघतच नव्हते, बंबाकडे बघत होते. "धम्मा, पहिले तेरा मी कुठं पेटवून बघितले?"

"इथंच. ड्राइव्हवर."

"म्हणजे बाहेर."

"हो, बाहेर."

"आणि ते लोक कुठं पेटवणार?"

घरातच, दारं-खिडक्या बंद करून. ते तेरा बंब आदल्याच दिवशी युक्रेनमधल्या एका गावात पोचले होते, आणि सकाळीच निरोप आला होता की वाटून झाले.

इथं दोन शब्द बबनकाकांबद्दल सांगायला हवेत, नाही तर बंब काय आणि युक्रेन काय, कुणाला काही कळायचं नाही.

बबन रोकडे मूळचे देवळालीचे. इथल्या बस डेपोत एकतीस वर्षं फिटर होते. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. काकू गेल्यापासून एकटेच असतात. दर रविवारी आमच्या बुद्धवंदनेला येतात, सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसतात आणि हॉलच्या रेडिएटरची तक्रार असेल तर वंदना संपायच्या आत दुरुस्त करून मोकळे होतात. बोलणं कमी. एखादी गोष्ट मनाला लागली की मात्र गप्प बसून तिचा पिच्छा पुरवतात.

मागच्या डिसेंबरात आम्ही हालिनाला हॉलवर बोलावलं होतं. ही खारकीव्हची, पंचेचाळिशीची बाई. युद्ध सुरू झाल्यावर इथं आली, दोन बसस्टॉप पलीकडे राहते. तिनं तिच्या सासरच्या गावाबद्दल सांगितलं. वीजकेंद्रावर बॉम्ब पडतात, दिवसातून चार तास वीज, बादलीतलं पाणी रात्रीतून गोठतं. लहान पोरांना आठ-आठ दिवस आंघोळ नाही, अंगावर खरजेचे फोड येतात. सगळ्यांनी लगेच स्लीपिंग बॅगा, ब्लँकेटं, थर्मल कपडे, टॉर्च लिहून दिले. बबनकाकांनी एकच प्रश्न विचारला, "पाणी कशात तापवतात?"

"पातेल्यात," हालिना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात काका बंब घेऊन हजर. आपल्याकडच्या परसात असायचा अगदी तसा. मध्ये जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी, बाजूला तोटी. काटक्या, कोळसा, मोडकं फर्निचर, काय वाटेल ते जाळा. इथल्या घरांतून हल्ली तांब्याच्या जुन्या टाक्या काढून टाकतात. काका भंगारवाल्याकडून त्या आणायचे, कापायचे, जोडायचे. आतली नळी बसच्या जाड पाइपाची. तीन महिन्यांचं काम त्यांनी पाच आठवड्यांत केलं. आम्ही फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये चार इंजिनिअर, तीन डॉक्टर आणि मी. सामान पाठवायच्या फॉर्मवर "वॉटर हीटर, नग तेरा" मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

एकाच्याही डोक्यात आलं नाही की या नळीला वर धुराडं नाही. कसं येणार? आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला बंब परसातच असतो. वर आभाळ असलं की धुराडं कशाला लागतं? आणि हालिना सातव्या मजल्यावर वाढलेली. तिच्याकडे गरम पाणी भिंतीतून यायचं.

तर पावसात भिजत मी हालिनाला फोन लावला. दीड वाजत आला होता. तिथं आमच्या दोन तास पुढे, म्हणजे साडेतीन. अंधार पडायला आला असणार.

"वीज किती वाजता जाते तिथं?"

"आज चारला. मग आठपर्यंत नाही. काय झालं?"

सांगितलं. ती म्हणाली, "वीज गेली की मोबाइलचा टॉवरही जातो. मी लारिसाला याच कॉलवर जोडते. तू लाइनवर राहा."

लारिसा म्हणजे तिथल्या शाळेतल्या बाई. सामान उतरवून घेणं, वाटणं, सगळं त्याच बघायच्या. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. परत. नाही उचलला. हालिनानं गावाच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. मला भाषा कळत नव्हती, पण ती एकच शब्द तीनदा म्हणाली आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज वर चढला.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. पॅरामेडिक पोरगी हुशार होती. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या साध्या चिमट्याला हा वायू कळत नाही हे तिला मी सांगावं लागलं नाही. तिनं काकांना आत आडवं केलं आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. मी फोन कानाला लावून शेजारी चढले. हॉस्पिटलला लगेच निघू, ती म्हणाली. काकांनी मास्क बाजूला केला.

"फोन लागला?"

"नाही अजून. मास्क लावा."

"किती वाजले?"

"काका, मास्क!"

एक चाळीस. एक पंचेचाळीस. गाडी निघाली होती. खिडकीच्या काचेवर पाऊस, आत पिवळा दिवा, काकांच्या मास्कमधून येणारा फसफस आवाज. मी मनात हिशेब मांडत होते. तेरा घरं. घरात चार माणसं धरली तर बावन्न. थंडी उणे चौदा. अशा थंडीत माणूस काय करतो? फटीत चिंध्या कोंबतो, खिडक्यांना ब्लँकेटं लावतो. ती ब्लँकेटंही आम्हीच पाठवलेली. बॉम्बमधून वाचलेली माणसं, आणि आम्ही त्यांना आगीतून फुफाट्यात ढकललं होतं, वर फोटोही काढले होते. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

एक अठ्ठेचाळीसला लारिसाबाईंनी फोन उचलला.

हालिना भराभरा बोलली. पलीकडून चक्क हसू आलं. हालिना मला इंग्रजीत सांगू लागली, "ती म्हणते, आम्ही खेड्यातली माणसं. चूल धुराड्याशिवाय कोणी पेटवतं का? बंब आले तेव्हाच आमचे म्हातारे म्हणाले, चीज सुरेख आहे, पण बनवणारा डोकं घरी विसरला. काल संध्याकाळीच सगळ्यांनी पत्र्याचे पाइप बसवले, खिडकीतून बाहेर काढले. बारा घरांत मी स्वतः जाऊन पाहिलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी काकांचा हात दाबला. "बसवलेत पाइप! बाराच्या बारा घरांत!"

काकांनी मास्क वर केला. "तेरा होते," ते म्हणाले.

मी फोनमध्ये विचारलं, "आणि तेरावा?"

हालिनानं विचारलं. पलीकडचं हसू थांबलं. लारिसाबाई एकदम खूप बोलल्या. हालिनाचा आवाज बदलला.

"तेरावा नादियाला दिला. ती गावातली नाही. परवाच शहरातून पळून आली, बरोबर दोन मुली. शाळेच्या तळघरातल्या खोलीत राहते. ती माझ्यासारखी आहे गं, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहिलेली. तिनं जन्मात चूल पेटवलेली नाही. बंब कालच तिच्या नावानं काढून ठेवला होता, तासाभरापूर्वी घेऊन गेली. लारिसाला म्हणाली, मुलींना नऊ दिवसांत आंघोळ नाही, आधी पाणी तापवते."

"धावायला सांग," मी म्हणाले.

"धावतेच आहे."

फोन चालूच होता. मला बुटांखाली बर्फ कचाकचा मोडल्याचा आवाज येत होता, एका बाईचा लागलेला दम, लांब कुत्रं भुंकत होतं. लारिसाबाई साठीच्या, घरापासून शाळा एक किलोमीटर. मी त्यांच्याबरोबर श्वास मोजत होते. मोजायची सवयच आहे मला. मिनिटाला तीस, बत्तीस, चौतीस. पॅरामेडिक पोरगीही हातातलं काम थांबवून ऐकत होती. काका डोळे मिटून पडले होते, पण ते ऐकत होते, कारण त्यांचे ओठ मास्कच्या आत हलत होते.

एक एकोणसाठला बुटांचा आवाज दगडी पायऱ्यांवर आला. मग दारावर धपाधप थापा. "नादिया! नादिया!"

आणि फोन कट झाला.

तिथं चार वाजले होते. वीज गेली होती.

आपत्कालीन विभागात काकांना एक पडद्यामागचा कोपरा मिळाला. मास्क चढवलेलाच. मी बाजूच्या खुर्चीवर, मांडीवर फोन. हालिना तिच्या घरी, तिच्या मांडीवर तिचा. दर पाच मिनिटांनी ती लावायची आणि दर पाच मिनिटांनी मला लिहायची, नाही. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. नाही, नाही, नाही.

एका टप्प्यावर काकांनी मास्क हनुवटीवर ओढला. मी ओरडले नाही. माझ्यात ओरडायचं बळच उरलं नव्हतं.

"आई माझी, रंभाबाई, देवळालीला एका साहेबाच्या बंगल्यावर बंब पेटवायची. तुला सांगितलंय मी."

सांगितलं होतं. पहाटे चारला उठून दोन मैल चालत जायचं, लाकडं फोडायची, जाळ लावायचा. पाणी भरायला दुसरी बाई. आपल्या हाताचा जाळ चालायचा, पाणी चालायचं नाही. तोटीला हात लावायची बंदी. हिवाळ्यात हात फुटून रक्त यायचं तरी त्या गरम पाण्यात बोट बुडवायला मिळायचं नाही.

"मी तिच्याबरोबर जायचो. सात-आठ वर्षांचा असेन. बंब मला पाठ होता. जाळी किती बोटांची, नळी किती जाड, सगळं. डोळे मिटून करू शकतो." काका थांबले. श्वास घेतला. "पण मी तो फक्त मागच्या अंगणात बघितला, धम्मा. घरात आम्हाला घेतच नव्हते. घरात जाळ लावला तर काय होतं हे मला कुठून माहीत असणार? थंडीत आम्ही आत असतो तर कळलं असतं ना."

मी साठ वर्षांपूर्वीच्या त्या साहेबाला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या.

"त्या पोरी गेल्या तर मी मारल्या," काका म्हणाले.

"फॉर्मवर सही माझी आहे. वीस वर्षं श्वसनाच्या वॉर्डात काढलेली बाई आहे मी. मग मी पण मारल्या."

"तू गप्प बस."

"तुम्ही मास्क लावा."

त्यांनी लावला. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी माझा हात धरला. धरला तो सोडलाच नाही. तांब्याच्या कामानं खरखरीत झालेला तो पंजा माझ्या हातावर तसाच राहिला, आणि मी दुसऱ्या हातानं फोन धरून बसले.

तीन बावीसला हालिनाचा फोन आला. ती रडत होती. मला वाटलं, संपलं.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. "तिघीही. लारिसा दवाखान्यात आहे, तिथं जनरेटर आहे, तिथून बोलली."

मग तिनं सांगितलं ते असं. दार आतून लावलेलं होतं. लारिसाबाईंनी तळघराची वरची खिडकी बुटाच्या टाचेनं फोडली, आतलं ब्लँकेट ओढून काढलं आणि हाका मारल्या. नादियाला उठता येत नव्हतं, तिला वाटत होतं प्रवासाचा थकवा. ती रांगत दारापर्यंत आली आणि तिनं कडी काढली. धाकटी उलट्या करत होती, थोरली बंबाशेजारी झोपली होती, हाक मारली तरी ओ देत नव्हती. तिला लारिसाबाईंनी पायांना धरून पायऱ्यांवरून ओढत बर्फात आणलं. बर्फात आल्यावर पाचव्या मिनिटाला ती पोरगी रडली. आता तिघी दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. थोरलीनं पाणी मागितलं होतं.

मी वाकून काकांना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, वर छताकडे बघितलं आणि मग लहान पोर रडतं तसे रडले. मास्क आतून वाफेनं पांढरा झाला. नर्स धावत आली. मी तिला म्हटलं, राहू दे, हे रडणं बरं आहे. मग मीही रडले.

काकांना दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. मी त्यांना घरी आणलं, गराजची सगळी दारं उघडली, भात टाकला. काका चौदाव्या बंबासमोर स्टूल घेऊन बसले होते. त्याला हात लावत नव्हते. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा हातोडी उचलणार नाही. उचलू नये असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात हालिनानं फोटो पाठवला. लारिसाबाईंनी काढलेला. शाळेच्या मागचं अंगण, सगळीकडे बर्फ, आणि मध्ये विटांवर ठेवलेला तेरावा बंब. गावच्या म्हाताऱ्यांनी तो तळघरातून वर आणून उघड्यावर मांडला होता. वाफ निघत होती. बंबासमोर एक बाई वाकलेली, खाली बादली. बाजूला दोन मुली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या, गाल चकचकीत, दोघी कॅमेऱ्याकडे बघून वैतागलेल्या.

मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुली बाहेर गेल्या, बर्फ बाहेर गेला, वाकलेली बाईही बाहेर गेली. पडद्यावर फक्त तोटी राहिली आणि तोटीवरचा हात, थंडीनं फुटलेला.

"हा हात कोणाचा?"

"नादियाचा."

"जाळ कोणी लावला?"

"तिनंच. लारिसाबाईंनी शिकवला."

"आणि पाणीही तीच घेतेय."

"हो काका. तिचंच आहे पाणी."

काकांनी फोन छातीशी धरला. "रंभाबाईला हे दाखवायला पाहिजे होतं गं," ते म्हणाले. मग त्यांनी नाक पुसलं, स्टुलावरून उठले आणि फळीवरून मोजपट्टी काढली. चौदाव्या बंबाला धुराडं किती लांब लागेल ते मोजायला लागले.